दुसऱ्याची ओळ

वर्कनेशची मुलगी हिरुत तेल अवीवच्या मोठ्या मंचांवर रॅप करते. लोक तिकिटं काढून तिला ऐकायला येतात आणि वर्तमानपत्रवाले 'माणसं जोडणारी पोरगी' म्हणून तिचा फोटो छापतात. रामलेतल्या त्यांच्या इमारतीत मात्र पहिल्या मजल्यावरची वर्कनेश आणि तळमजल्यावरची नुहा चौदा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधे उण्यापुऱ्या तेरा पायऱ्या.

"अख्खा देश जोड तू," वर्कनेश लेकीला म्हणायची. "आमचा जिना तेवढा राहू दे."

हिरुत हसून सोडून द्यायची. आईची जीभ तिला सत्तावीस वर्षं ठाऊक होती.

नुहाला सगळी इमारत अरबी रीतीनं उम्म फारिस म्हणायची, फारिसची आई. नुहा म्हणायची ती एकटी वर्कनेश. अठरा वर्षांपूर्वी दोघी एकाच महिन्यात इथे राहायला आल्या, एकीला हिब्रू धड येत नव्हतं आणि दुसरीला बोलायची लाज वाटायची, म्हणून दोघींनी मोडकंतोडकं हिब्रू एकमेकींवरच गिरवलं. हिरुत शाळेतून आली की आई कामावर असायची, तेव्हा ती नुहाच्या स्वयंपाकघरात फतकल मारून द्राक्षाच्या पानांत भात भरायला बसायची. तिचं अरबी तिथलं. वर्कनेश धर्माचं कडक पाळणारी, तिला नुहाच्या भांड्यातलं चालायचं नाही, म्हणून नुहानं एक कोरी किटली आणि दोन पेले वेगळे ठेवले होते. त्यांना घरातल्या कुणी हात लावला तर ती हातावर चापटी मारायची.

मग ते काचेचं प्रकरण झालं. एका सकाळी वर्कनेशच्या नवऱ्याच्या, गशावच्या, गाडीची पुढची काच फुटलेली सापडली. त्या आठवड्यात शहरात यहुदी आणि अरबांत तशीही दगडफेक चालू होती, माणसांची डोकी ठिकाणावर नव्हती, आणि गशावनं जिन्यात उभं राहून, चार माणसांत, फारिसचं नाव घेतलं. फारिस औषधाच्या दुकानात रात्रपाळीला होता. घरी आल्यावर त्याच्या कानावर आलं, तसा तो वर गेला, शब्दानं शब्द वाढला, आणि त्यानं गशावला ढकललं. गशाव चार पायऱ्या गडगडला. मनगट मोडलं.

पंधरा दिवसांनी नुहाच्या सासरचे सात म्हातारे, डोईला पांढरे रुमाल बांधून, माफी मागायला वर आले. वर्कनेशला त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं. तंटा झाला की वडीलधाऱ्यांनी मधे पडायचं, ही रीत इथिओपियात, तिच्या गोंदरकडच्या गावातही होती. तिनं कॉफीचे हिरवे दाणे धुतले, तव्यावर भाजले, धूर पाहुण्यांच्या नाकाशी फिरवला, कुटले, मातीच्या जबेनात, लांब मानेच्या चंबूत, उकळले आणि सात कप भरून समोर ठेवले. म्हातारे बोलले. गशावनं ऐकून घेतलं. कपाला कुणी हात लावला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कॉफी थंडगार झाली. शेवटी म्हातारे उठले आणि खाली मान घालून निघून गेले. वर्कनेशनं सातही कप मोरीत ओतले.

तिच्या लहानपणी गावातले इतर लोक त्यांच्या घरचं पाणी पीत नसत. मडकी त्यांच्याकडून घ्यायचे, नांगराचे फाळ त्यांच्याकडून घडवायचे, पण यहुद्याच्या हातचा कप कुणी तोंडाला लावायचा नाही. नजर लागते म्हणे. आई अंगणात पाहुण्यांसमोर कप ठेवून उभी आहे आणि पाहुणे आभाळाकडे बघताहेत, हे तिनं सहा वर्षांची असताना पाहिलं होतं. नुहा सतरा वर्षं आपल्या हातचं पीत आली, हे खरं. पण तिच्या घरचे मोठे लोक आले तेव्हा आपली किंमत कळली, असं वर्कनेशनं मनाशी धरलं. बोलली मात्र कुणाजवळ नाही, नवऱ्याजवळही नाही. दुखलेलं पोटात ठेवायचं, ओठावर आणलं तर आपलीच शोभा, हे तिच्या माणसांचं जुनं शहाणपण. हिरुत तेव्हा दौऱ्यावर होती. तिला फोनवर एवढंच कळलं, की म्हातारे आले आणि जमलं नाही.

आणि आता मंगळवारी ल्योवानं बातमी आणली. ल्योवा चौथ्या मजल्यावरचा रशियन, इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष, जिन्यातल्या दिव्यांपासून लोकांच्या संसारापर्यंत सगळं त्याला माहीत. उम्म फारिसनं घर विकलं, म्हणाला. लेकीकडे चालली, नासरेथजवळच्या गावात. रविवारी ट्रक.

वर्कनेश "जाऊ दे की" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग कणीक मळायला बसली आणि पीठ दगडासारखं होईपर्यंत मळत राहिली.

बुधवारी हिरुत आली. आल्या आल्या म्हणाली, "उद्या पाच वाजता मागच्या अंगणात माझा कार्यक्रम आहे."

"कोणी बोलावलंय?"

"मीच. ल्योवाकाकांची परवानगी घेतलीय. बाबा मसिंको वाजवणार आहेत."

"त्या हातानं?"

"त्याच हातानं," गशाव कोपऱ्यातून म्हणाला.

"आणि ती यायची नाही," वर्कनेश म्हणाली. ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"मावशीचा व्हरांडा अंगणातच आहे, आई. तिला यायला नको, फक्त घरात असायला हवं."

"असली चलाखी तुला कोणी शिकवली?"

"तूच."

हिरुतचं गाणं म्हणजे काय, हे वर्कनेशला बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिच्या मते ती तालावरची बडबड होती. तिकडे गोंदरला मसिंको, ती एका तारेची सारंगी, घेऊन गाणारे लग्नांतून फिरायचे. पाहुण्यांपैकी कुणीही उठून "तकबेल", म्हणजे "घे", असं ओरडायचा आणि एक ओळ फेकायचा. गाणाऱ्यानं ती जशीच्या तशी उचलून गायची. ओळ सासूवर असो, यजमानावर असो, खुद्द गाणाऱ्याच्या टकलावर असो. असल्या गाणाऱ्यांना लोक दाणे देत, पण मुलगी देत नसत. गशावनं तरुणपणी हाच उद्योग केला होता आणि वर्कनेशच्या बापानं लग्नाला दोन वर्षं नकार दिला होता. आता लेकीनं तोच उद्योग बीटवर बसवला. श्रोत्यांनी हिब्रू, अरबी, अम्हारिक, कुठल्याही भाषेत ओळ फेकायची. हिरुत ती तिन्ही भाषांत म्हणणार, आणि म्हणताना 'तो' नाही, 'ती' नाही, 'मी' म्हणणार. शब्द बदलायचा नाही, मवाळ करायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. आधी दुसऱ्याची ओळ आपल्या तोंडात पुरती बसली पाहिजे.

बेरशेबाला एकदा एका माणसानं मागून ओरडून ओळ दिली होती, की या काळ्यांना आले तिकडे पाठवा. हिरुत म्हणाली, "घेतलं." आणि तिनं ती ओळ तिन्ही भाषांत म्हटली, मी म्हणतो या काळ्यांना आले तिकडे पाठवा, ताल न चुकवता, त्या माणसाकडे बघत. मग म्हणाली, "पुढची ओळ द्या, काका." काकांना पुढची ओळ सुचली नाही. गशावनं ही गोष्ट घरी येऊन सांगितली तेव्हा वर्कनेश म्हणाली, "मी असते तर चप्पल काढली असती." पण भाकरी थापता थापता तिचा हात थांबला होता. एवढी हिंमत या काटकुळ्या पोरीत आली कुठून, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. लेकीला मात्र तिनं ते सांगितलं नाही.

गुरुवारी पाचला अंगण भरलं. वाळत घातलेले कपडे एका बाजूला सारून स्पीकर मांडले होते. पोरं भिंतीवर, बाया खिडक्यांत. गशाव प्लास्टिकच्या खुर्चीवर मसिंको मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं मनगट नीट वळत नव्हतं, त्यामुळे गज थोडा खरखरत होता, आणि हिरुतनं बीटही तसाच खरखरीत ठेवला होता. वर्कनेश जिन्याच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, पांढरी शम्मा खांद्यावर ओढून उभी राहिली. समोर नुहाचा व्हरांडा. खोकी रचून ठेवलेली, आणि त्यांच्या मागे नुहा पाठमोरी काहीतरी बांधत होती. चौदा महिन्यांत बाई वाळली होती.

"कोण देतंय पहिली?" हिरुतनं विचारलं.

ल्योवा तयारीतच होता. "घे! मी चौथ्यावर राहतो, पायऱ्या बावन्न मोजतो, आणि दुसऱ्या मजल्यावर कोण कचरा ठेवतो, रोज पिशवीला ठेचकाळतो!"

"घेतलं," म्हणून हिरुतनं ते असं काही म्हटलं, की ल्योवाची धाप, त्याची चरफड, त्याचे गुडघे, सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. तीन भाषांत तीन वेळा ठेचकाळली. लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सिमी ओरडली, "घे गं! कचरा माझा, कबूल आहे, पण मंगळवारी मासे कोण तळतो? सहा भिंतींतून वास येतो, माझा नवरा उपाशी रडतो!"

"घेतलं."

ल्योवा लाल झाला. हिरुतच्या तोंडून सिमीचा रडका नवरा ऐकताना तोही हसू लागला. वर्कनेशनं शम्मेच्या पदराआड हसू दाबलं. पोरगी कुणाचीच बाजू घेत नव्हती आणि तरी ज्याची ओळ असेल त्याला वाटत होतं, ही माझ्याच पोटात शिरून आली.

तेवढ्यात खोक्यांमागून आवाज आला. नुहा वळली नव्हती. अरबीतच बोलली, हिब्रू बाजूला ठेवून. रागाला आईचीच भाषा लागते.

"घे."

हिरुत व्हरांड्याकडे वळली.

"सात म्हातारे तुझ्या दारी वाकले, कॉफी समोर निवत बसली. तुझ्या घरानं एक शब्द नाही दिला, माझ्या लेकाची मान जिन्यात झुकली."

अरबी कळणाऱ्यांनी खाली पाहिलं. वर्कनेशला 'कॉफी' तेवढं कळलं. हिरुतनं माइक तोंडाजवळ नेला. बीट चालू होता, गशावचा गज थांबला होता.

"घेतलं," ती म्हणाली. अरबीत म्हटलं, हिब्रूत म्हटलं, मग आईकडे वळून अम्हारिकमध्ये म्हटलं. तुझ्या घरानं एक शब्द नाही दिला. माझ्या लेकाची मान जिन्यात झुकली. स्वतःची मुलगी समोर उभी राहून नुहाचं दुःख 'माझं' म्हणून सांगते आहे, हे वर्कनेशला सोसेना. चौदा महिने पोटात ठेवलेलं तोंडाशी आलं. ती दारातून दोन पावलं बाहेर आली. चारचौघांत आवाज चढवायची तिची ही आयुष्यातली पहिली वेळ.

"घे माझीपण," ती म्हणाली. "हिरवी धुतली, काळी भाजली, माझ्या हातानं मी ओतली. सातांतल्या एकाही माणसानं ओठाला नाही लावली. ज्या गावात आमचा कप विटाळ, ते गाव मी मागे टाकलं. त्या दिवशी ते चालत आलं आणि माझ्या घरात बसलं."

ही गोष्ट हिरुत पहिल्यांदा ऐकत होती. गशावही. क्षणभर वाटलं, पोरगी ताल चुकणार. पण तिनं एक ठोका जाऊ दिला आणि म्हणाली, "घेतलं."

आईचं दुःख तिनं अरबीत म्हटलं. नुहाच्या स्वयंपाकघरात, पानांत भात भरताना शिकलेल्या अरबीत. माझा कप विटाळ, म्हणाली, आणि 'माझा' म्हणताना तिचा आवाज फाटला, पण तिनं शब्द खाली ठेवला नाही. वर्कनेश बघत राहिली. देवा, ही माझी मुलगी आहे, असं तिच्या मनात आलं. हिच्याएवढं मी कधी उचललेलं नाही.

व्हरांड्यातून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नुहा खोकी ओलांडून, चप्पल न घालता, अंगणात आली होती.

"विटाळ?" तिनं हिब्रूत विचारलं. "कोण म्हणालं विटाळ? वर्का, बाई, माफी मागायला आलेला माणूस कॉफी पितो का कुठे? घरचा धनी 'दिलं, प्या' म्हणतो, मग कप उचलायचा. आधी उचलला तर मागायला काय उरलं? ते बिचारे बसून राहिले, तुझा नवरा आता म्हणेल, मग म्हणेल. तो आपला खांबासारखा."

"मला वाटलं, पिऊन झालं की बोलायचं," गशाव पुटपुटला. "आमच्यात आधी पितात. न पिता बोललं तर घरच्या बाईचा अपमान."

कुणीतरी हसू लागलं आणि मधेच थांबलं.

"आणि तू ते खरं मानलंस?" नुहा आणखी पुढे आली. "सतरा वर्षं तू माझ्या घरचा मांसाचा तुकडा खाल्ला नाहीस. तुझी किटली वेगळी, तुझे पेले वेगळे. मी कधी म्हटलं, वर्का मला हलकी समजते? मी म्हटलं, बाईचा धर्म आहे, आपण सांभाळू. मला एकदा विचारायचं तरी."

वर्कनेश तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. खरंच, एकदा विचारायचं. तेरा पायऱ्या उतरायच्या आणि विचारायचं.

गशाव खुर्चीवरून उठला. मसिंको त्यानं नीट खुर्चीला टेकवला. फारिस गच्चीच्या पाइपाजवळ दोरीचं बंडल हातात घेऊन उभा होता, त्याच्यासमोर जाऊन गशाव म्हणाला, "पोरा, तुझ्या माणसांनी जे मागितलं ते दिलं. उशिरा दिलं. आता मी मागतो. त्या काचेसाठी तुझं नाव मी उगाच घेतलं, चार माणसांत घेतलं. चार माणसांतच माफी मागतो."

फारिसनं दोरी खाली टाकली. त्यानं गशावचं ते वाकडं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि तसाच उभा राहिला. सिमी खिडकीत मोठ्यानं नाक शिंकरत होती.

इथे संपलं असतं तर गोड झालं असतं. पण वर्कनेशची नजर त्या खोक्यांवर गेली. तिनं लेकीकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "घे. एकच आहे. जाऊ नको."

"घेतलं," म्हणून हिरुत नुहाकडे वळली. अरबीत म्हणाली, जाऊ नको. आता ती कुणाची ओळ होती, आईची की तिची स्वतःची, हे अंगणात सगळ्यांना दिसत होतं.

नुहानं डोळे पुसले. "घे," ती म्हणाली. "घर विकलं. मी रविवारी जाते आहे."

हिरुतनं माइक खाली केला. "ही मी नाही घेणार, मावशी."

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गशावनं चमकून पाहिलं. बीट आपला एकटाच चालत राहिला.

"घे," वर्कनेश म्हणाली.

"आई, नको."

"त्या बेरशेबाच्या माणसाची घेतलीस ना? मग हिची घे. ती तुझ्यावर विश्वास टाकून देते आहे. आवडेल तेवढंच उचलायचं असतं तर मग ही बडबडच झाली असती. ही बडबड नाही. मला कळलंय आता."

हिरुत आईकडे बघत राहिली. मग तिनं माइक उचलला, आणि आईच्या डोळ्यांत बघून, आईच्या भाषेत, म्हणाली, "घर विकलं. मी रविवारी जाते आहे."

"ऐकलं," वर्कनेश म्हणाली.

रविवारी सकाळी आठला ट्रक आला. खोकी चढली, फ्रिज चढला, ल्योवानं कुणी न विचारता ड्रायव्हरला मागे घ्यायच्या सूचना दिल्या. नुहा पुढे बसली आणि दार ओढणार, तेवढ्यात वर्कनेश जिना उतरून आली. खांद्याला पिशवी, बगलेत जबेना, पायात बाहेरच्या चपला.

"सरक," ती नुहाला म्हणाली.

"तू कुठे?"

"तुझ्या लेकीला नवं स्वयंपाकघर लावता येणार आहे का? माहीत आहे मला ती. सरक म्हटलं ना."

नुहा सरकली. गशाव खिडकीतून ओरडला, "अगं, आणि जेवण?"

"फ्रिजमध्ये आहे. गरम करून घ्या, हात मोडलेला नाही आता."

हिरुत ट्रकच्या दाराशी आली. चौदा महिने ज्या दोघींसाठी ती रस्ता शोधत होती, त्या आता एका सीटवर चेंगरून बसल्या होत्या आणि पिशवी कुणाच्या मांडीवर ठेवायची यावर त्यांचं वाजायला लागलं होतं.

"आई, परत कधी येशील?"

"चौदा महिन्यांचं बोलायचं राहिलंय," वर्कनेश म्हणाली. "वेळ लागेल."